पिकअप आहे, पार्ट मिळतील का?

मिस्त्रीने चावी मागायच्या आधी बॉनेटवर तळहात ठेवला आणि मालकाकडे बघितलं. "गाडी आत्ताच फिरवून आणली काय री?"

"तुम्ही येणार म्हणून जरा धुऊन आणली."

"धुवायला इंजिन तापवावं लागतंय होय?" मिस्त्री हसत म्हणाला, पण हात पुसून सरळ चालायला लागला. उद्या सकाळी सातला येतो, तोवर चावी लावू नका, एवढंच त्याने सांगितलं.

जुनी गाडी विकणारा माणूस मुरलेला असला की गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवतो. रात्रभर थंड पडलेलं इंजिन पहिल्या दहा सेकंदांत सगळं ओकून टाकतं. वॉल्व्हची टकटक, सायलेन्सरमधून निघणारा निळसर धूर, धापा टाकणारी आयडलिंग हे सगळं तेव्हाच दिसतं. तेल वर चढलं, धातू तापला की यातलं निम्मं लपतं.

दिवाळी अंकासाठी संपादकांनी यंदा 'वापरलेलं' हा विषय दिला. मला आधी जुने कपडे, जुनी पुस्तकं, भांड्यांच्या बदल्यात जाणारी साडी असलंच काहीतरी सुचत होतं. तेवढ्यात धारवाडहून पुतण्याचा फोन आला. "काका, दोन गाड्या बघून ठेवल्यात. बाबा दोन्हींना नाही म्हणतायत. तुम्ही या." तो राहतो माळमड्डीत, नोकरी हुबळीच्या गोकुळ रोडवर. रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. बँकेतून निवृत्त झालेल्या वडिलांचं म्हणणं, शोरूममधून छोटी नवी गाडी काढ आणि गप्प बस. याला हवी होती पाय दिला की पळणारी, वळणावर धरून राहणारी जपानी सेडान, आणि तीही चार लाखांच्या आत.

एक होती २०१० ची होंडा सिव्हिक, कोल्हापूरची, एमएच-०९. दुसरी २००९ ची मित्सुबिशी सेडिया, इथलीच, केए-२५.

दोघी एका सालच्या

या दोन्ही गाड्या भारतात २००६ मध्ये आल्या. सिव्हिकला १.८ लिटरचं इंजिन, ताकद १३२ पीएस. सेडियाला दोन लिटरचं, ताकद ११५ पीएस. कागदावर सिव्हिक पुढे दिसते. पण चाकाला मिळणारा जोर, म्हणजे टॉर्क, दोघींचा जवळजवळ सारखाच आहे. गावातल्या रस्त्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रिक्षाला मागे टाकताना तोच कामाला येतो.

होंडाचं नाव काढलं की आमच्या वयाच्या लोकांना 'व्हीटेक' आठवतं. त्याला कारण २००० च्या सुमारास आलेली १०६ पीएसची सिटी. तिच्यात इंजिन वरच्या फेऱ्यांत गेलं की कॅमची दुसरी उंची काम करायला लागायची आणि गाडी एकदम जागी व्हायची. पुतण्याने सिव्हिककडून तीच अपेक्षा धरली होती. पण सिव्हिकच्या १.८ मधली यंत्रणा उलट्या कामाला लावलेली आहे. हलक्या पायाने, एका चालीने गाडी चालली असताना ती इनटेक वॉल्व्ह उशिरा बंद करते आणि पेट्रोल वाचवते. ढुंगणाला धक्का देणं हा तिचा उद्देशच नाही. सिव्हिक वेगवान आहे, पण वेगाचा गाजावाजा करत नाही. ताशी १२० ला आत बसलेल्याला ८० वाटतात, आणि म्हणून चालवणाऱ्याने डॅशबोर्डवरच्या डिजिटल आकड्याकडे लक्ष ठेवावं लागतं.

सेडियाची ओळख वेगळी. रॅलीवाल्यांचं दैवत असलेल्या लान्सर इव्होल्यूशनच्या सातव्या ते नवव्या अवताराचं बांधकाम याच पिढीच्या लान्सरवर, म्हणजे सेडियावर, झालं. टर्बो नाही, चारही चाकांना ताकद नाही, पण सांगाडा त्याच घराण्यातला. मागची चाकं स्वतंत्र मल्टिलिंक सस्पेंशनवर, स्टिअरिंग हायड्रॉलिक आणि वजनदार. आपल्याकडे राष्ट्रीय रॅलीतही सेडिया धावली. आतलं प्लास्टिक मात्र तेव्हाही जुनाट वाटायचं, आता तर बघवत नाही. पुतण्या म्हणाला, "आत बसल्यावर पंचायतीच्या ऑफिसात बसल्यासारखं वाटतं." मग गाडी सुरू करून तो उणकल तळ्याकडे निघाला आणि परत येईपर्यंत प्लास्टिकबद्दल अवाक्षर काढलं नाही.

जपानमधून थेट का नाही

यूट्यूबवर वाढलेल्या पोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो: न्यूझीलंडमध्ये, केनियात, श्रीलंकेत जपानच्या जुन्या गाड्या सर्रास मिळतात, मग आपल्याला सिव्हिक-सेडियावरच का भागवावं लागतं? स्टिअरिंग तर तिकडेही उजवीकडेच.

जपानमध्ये नव्या गाडीची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते. तिला 'शाकेन' म्हणतात. हा खर्च टाळायला तिथला माणूस चांगली धडधाकट गाडी विकून मोकळा होतो आणि ती लिलावातून जहाजावर चढते. भारताने मात्र हे दार जवळजवळ बंद ठेवलं आहे. आयात होणारी वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको, ती मुंबईच्याच बंदरात उतरायला हवी, आणि वर जकात एवढी की गाडीच्या किमतीहून जास्त रक्कम पुन्हा मोजावी लागते. स्कायलाइन किंवा इम्प्रेझा हुबळीच्या बाजारात यायची वाटच नाही. त्यामुळे आपल्याकडची 'जपानी परफॉर्मन्स कार' म्हणजे ग्रेटर नोएडात बनलेली होंडा किंवा चेन्नईजवळ तिरुवळ्ळूरला हिंदुस्तान मोटर्सने बनवलेली मित्सुबिशी.

त्या नव्या मिळत होत्या तेव्हाही दिवस त्यांच्या बाजूचे नव्हते. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड आणि बाराशे सीसीच्या आतल्या पेट्रोल गाड्यांची एक्साइज २४ वरून १६ टक्क्यांवर आली. ज्या वर्षी या दोघी आल्या त्याच वर्षी सरकारने छोट्या गाडीची पाठ थोपटली. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले, डिझेलचे व्हायला ऑक्टोबर २०१४ उजाडलं. मधल्या काळात सगळा देश डिझेलकडे धावला आणि होंडाकडे डिझेल इंजिन नव्हतं. २०१३ पर्यंत दोघींचा खेळ आटोपला. सिव्हिक २०१९ मध्ये नव्या रूपात परत आली, पण डिसेंबर २०२० मध्ये ग्रेटर नोएडाचा कारखानाच बंद झाला आणि ती पुन्हा गेली. आज या गाड्या एका चांगल्या मोटरसायकलच्या किमतीत मिळतात, त्यामागे हा सगळा इतिहास आहे. गाडीत खोट आहे म्हणून त्या स्वस्त नाहीत.

हंप आणि चेंबर

हुबळी-धारवाड ही १९६२ पासून एकच महापालिका असली तरी मध्ये वीसेक किलोमीटरचा रस्ता आहे, आणि रोजची गाडी निवडताना खरा परीक्षक तोच. मधोमध बीआरटीएसची मार्गिका, तिच्यातून 'चिगरी' बस सुसाट जाते. चिगरी म्हणजे हरीण. बाजूच्या लेनमध्ये आपण सिग्नल मोजत बसतो. नवलूर, सत्तूर, नवनगर, उणकल, विद्यानगर. पुढे चन्नम्मा सर्कलकडे वळलं तर उड्डाणपुलाच्या कामाने केलेला चिखल. या रस्त्यावर १३२ पीएस काय आणि ८० काय.

इथे मोजायचं ते हंपचं. हुबळीकडे गतिरोधकाला कुणी स्पीडब्रेकर म्हणत नाही, हंप म्हणतात, आणि गल्लीतले हंप तर नगरसेवकाच्या मर्जीने उभे राहतात. सिव्हिकचं दुखणं जगजाहीर आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांत २७०० मिलिमीटरचं अंतर, नाक खाली. एकटा माणूस असला तर निभतं. मागे आई-वडील आणि मावशी बसल्या की हंपवर पोट घासलंच. पुतण्याच्या वडिलांना मुद्दाम मागे बसवून माळमड्डीतल्या त्यांच्याच गल्लीत आम्ही सिव्हिक नेली. पहिल्या हंपवर खालून 'खर्र' आवाज आला. "उतरू का?" वडिलांनी विचारलं. ते खरंच उतरले, गाडी हंप पार करून गेली, मग पुन्हा बसले. रोज असं करायचं का, हे त्यांनी विचारलं नाही, पण चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

सिव्हिकवाल्यांनी यावर तोडगे काढले आहेत. कुणी १९५ ऐवजी २०५ चा टायर घालतं, कुणी स्प्रिंगखाली रबरी स्पेसर बसवतं. टायरचा उपाय बरा. स्पेसरने उंची मिळते, पण ज्या बसकेपणामुळे गाडी वळणावर चिकटून राहते तोच जातो. मग सिव्हिक घेतली कशाला? सेडियाचं पोट इतकं सहज लागत नाही, तिची चाकंही शंभर मिलिमीटरने जवळ आहेत. अर्थात ऑइल चेंबर कुठल्याही जुन्या गाडीचा खाली वाकून बघावाच. तो ठोकून सरळ केलेला असेल तर मागच्या मालकाने गाडी कशी हाकली ते कळतं.

ताकद वापरायची जागा गावाबाहेर आहे. धारवाडहून अळणावर, लोंढा, रामनगर करत अनमोडचा घाट उतरून गोव्यात जाणारा रस्ता, किंवा हुबळीहून कलघटगी, यल्लापूर आणि पुढे अरबैल घाटातून अंकोल्याकडे जाणारा. हुबळी-धारवाड बायपासवर मात्र शहाणपणा करू नये. तो तुकडा दुपदरी होता तेव्हा कैक जिवांना भोवला आहे. जानेवारी २०२१ मध्ये इटिगट्टीजवळ दावणगेऱ्याहून गोव्याला निघालेल्या मैत्रिणींच्या मिनीबसला झालेला अपघात इथे कुणी विसरलेलं नाही. तो रस्ता रुंद करण्याचं काम त्यानंतर पुढे सरकलं. घरातल्या बायका आजही तिकडून जायचं म्हटलं की "गावातून जा" म्हणतात.

सकाळी सात वाजता

दुसऱ्या दिवशी सिव्हिक थंड होती. मिस्त्रीने तेलाचं झाकण उघडून आतून बोट फिरवलं. दुधाळ साय असेल तर तेलात पाणी जातंय. नव्हती. मग त्याने कूलंटच्या डब्यात बॅटरी मारली आणि इंजिनच्या मागच्या बाजूला आरसा धरून बराच वेळ बघत राहिला. या पिढीच्या सुरुवातीच्या सिव्हिकच्या इंजिन ब्लॉकला भेग पडून कूलंट झिरपण्याच्या तक्रारी अमेरिकेत आल्या होत्या, त्यावरून होंडाने तिकडे वॉरंटीही वाढवली होती. ही गाडी नंतरच्या वर्षांतली, तरी बघितलेलं बरं. वाळलेल्या कूलंटचे पांढुरके ओघळ दिसले नाहीत.

एमएच-०९ म्हटल्यावर त्याने आणखी एक गोष्ट केली, ती मला सगळ्यात आवडली. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढले. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापुरात शिरलं, महामार्गसुद्धा पाण्याखाली गेला, आणि त्या पाण्यात बुडालेल्या गाड्या पुढे धुऊन-पुसून बाजारात आल्या. सीट बदलतात, कार्पेट बदलतात, पण गुंडाळलेल्या बेल्टचा शेवटचा हात कुणी धुवत नाही. तिथे चिखलाची रेघ राहते. मग डिकीतलं स्टेपनीचं ताट, फ्यूजबॉक्सचे कोपरे, सीटखालचे गंजलेले बोल्ट. ही गाडी कोरडी निघाली. "छलो ऐती," मिस्त्री म्हणाला, म्हणजे चांगली आहे.

चालवल्यावर पुढून टकटक येत होती. लोअर आर्मचे बुश गेलेले, एक शॉकअप गळका, स्टिअरिंग रॅकमध्ये किंचित ढिलाई. म्हणजे आपल्याकडच्या हंपांवर पंधरा वर्षं चाललेल्या सिव्हिकचं नेहमीचंच बिल. चासी नंबर टाकून एअरबॅगचं रिकॉल झालंय का तेही तपासून घेतलं. ताकाता कंपनीच्या सदोष इन्फ्लेटरपायी होंडाने भारतातही अनेक सिव्हिक परत बोलावल्या आणि तो भाग फुकट बदलून दिला. हे काम न केलेली गाडी घेऊन रोज स्टिअरिंगसमोर बसणं म्हणजे आगीशी खेळ.

सेडिया बघायला मालकाच्या घरी, केशवापुरात गेलो. पन्नाशीचे गृहस्थ, गाडी पहिल्यापासून त्यांच्याकडे. बॉनेट गार. पहिल्या सेल्फला इंजिन लागलं, धूर नाही, फक्त सगळी गाडी हलकीशी थरथरत होती. "माउंटिंग," मिस्त्री म्हणाला. मग त्याने खरा प्रश्न विचारला: "टायमिंग बेल्ट कधी बदलला?"

सिव्हिकच्या १.८ ला साखळी आहे, ती सहसा इंजिनाला शेवटपर्यंत साथ देते. सेडियाच्या दोन लिटरला रबरी पट्टा. तो ठरावीक मुदतीत बदलावाच लागतो. तुटला तर गाडी तिथल्या तिथे उभी, आणि आत काय मोडलंय ते हेड उघडल्याशिवाय कळत नाही. मालकांना साल आठवेना. बिल सापडेना. जुन्या गाडीच्या व्यवहारात याचा अर्थ एकच धरायचा: बदललेला नाही.

माळ्यावरचं खोकं

मग ते आत गेले आणि माळ्यावरून एक टीव्हीचं खोकं घेऊन आले. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन लोअर आर्म, ब्रेकपॅडचे दोन जोड, क्लचप्लेट, एक वायपरची मोटर आणि उजव्या बाजूचा कोरा हेडलँप. काही बेंगळुरूच्या जे. सी. रोडवरून आणलेलं, हेडलँप दुबईच्या भाच्याने बॅगेतून आणलेला. प्रत्येक पुडीवर बॉलपेनने तारीख आणि पार्ट नंबर. मिस्त्री एकेक पुडी उघडून बघत होता तेव्हा त्याचा आवाज पहिल्यांदा मऊ झाला.

सेडिया रोज चालवायची म्हणजे नेमकं काय, ते या खोक्यात होतं. मित्सुबिशीने भारतातला गाशा गुंडाळल्यात जमा आहे. तेल, फिल्टर, प्लग असल्या सामान्य वस्तू कुठेही मिळतात. पण आरसा फुटला, सेन्सर गेला, बंपर तडकला की जे. सी. रोड, मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी असे फोन सुरू. जुना माल मिळतो, पण वेळ लागतो. होंडाचं तसं नाही. सिव्हिक बंद झाली तरी कंपनी इथे आहे, गोकुळ रोडवर काउंटरवर नंबर सांगितला की भाग महागात का होईना, येतो. शिवाय होंडावर हात बसलेले चार मिस्त्री हुबळीत आहेत. सेडियावाला एखादाच.

पेट्रोलचा हिशेब पुतण्याच्या वडिलांनी मांडला, बँकवाल्याच्या शिस्तीत. महिन्याला हजार किलोमीटर. सिव्हिक गावात लिटरला दहा देईल, सेडिया आठ. म्हणजे शंभर लिटर विरुद्ध सव्वाशे, महिन्याला अडीच हजारांचा फरक. त्यात आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या इंधनासाठी बनलेल्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज यामुळे सहा-सात टक्क्यांनी घटेल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं होतं. आजूबाजूला सगळा उसाचा मुलूख, त्यामुळे इथेनॉलविरुद्ध बोलायला इथे कुणाचं तोंड उघडत नाही. मिस्त्री मात्र जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या आधी बदलायला सांगतो. विम्यात दोघी सारख्याच मार खातात: पंधराशे सीसीच्या वर थर्ड पार्टीचा हप्ता २०२२ पासून ७,८९७ रुपये. जुनी सिटी पंधराशेच्या आत बसते, तिला ३,४१६.

सिव्हिक अडली ती कागदांवर. कोल्हापूरच्या आरटीओची एनओसी, पंधरा वर्षं झालेली म्हणून आरसीचं नूतनीकरण आणि त्याची पाच हजार रुपये फी, हरित कर, आणि कर्नाटकात नावावर करायची तर इथला आजीवन कर, तो गाडीच्या मूळ किमतीवर आणि वयावर काढलेला. हे सगळं होईपर्यंत कोल्हापूरच्या किती खेपा होतील ते एजंटलाही सांगता येईना. चाळीस-पन्नास हजार स्वस्त दिसणारी गाडी इथे येईपर्यंत महाग झाली. सीमाभागात हे रोजचं आहे. कोल्हापूर आणि गोवा हाकेच्या अंतरावर, गाड्या भरपूर आणि स्वस्त, पण नंबरप्लेट ओलांडायला गाडीपेक्षा माणसाचा दम जास्त लागतो. गोव्याच्या गाडीला वरून खारी हवा खाल्लेला तळ.

माझं मत मी स्पष्ट सांगितलं: रोज ऑफिसला जायचं असेल तर सिव्हिक, पण एमएच नको, धारवाड-बेळगावची शोध, दोन महिने थांब. इंजिन कुठलं चांगलं हा प्रश्न या वयाच्या गाड्यांत दुय्यम आहे. गाडी मंगळवारी बंद पडली तर गुरुवारी चालू होईल का, हे बघायचं.

पुतण्याने सेडिया घेतली. खोक्यासकट. त्याचं म्हणणं, मालक एकच, गाडी इथलीच, कर भरलेला, आणि आरसीच्या नूतनीकरणाचं जे काय आहे ते इथल्याच कचेरीत. घरात अ‍ॅक्टिव्हा आहेच, गाडी दोन आठवडे उभी राहिली तर राहू दे. वडिलांनी फक्त एक अट घातली: पट्टा बदलल्याशिवाय गाडी धारवाडला आणायची नाही. मालकांनी बेल्टच्या खर्चापोटी पंधरा हजार कमी केले, तेही मिस्त्रीने दोनदा उठून जायचं नाटक केल्यावर.

पट्टा हुबळीतच मिळाला. टेन्शनरचं बेअरिंग बेंगळुरूहून यायला नऊ दिवस लागले, तेवढे दिवस पुतण्या चिगरीने गेला. काम झाल्यावर मिस्त्रीने उतरवलेला जुना पट्टा पुसून त्याच्या हातात दिला. "फेकू नका री, डिकीत ठेवा. पुढच्या वेळी नंबर वाचायला लागतोय."